वसतिगृहाच्या रजिस्टरात एक रकाना वाढवा

प्रति,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि व्यवस्थापन परिषदांचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मी ११ वर्षं एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. आता निवृत्त आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका ठिकाणचा जुना हिशेब काढायचा नाही. माझ्याकडे जे घडलं ते थोड्याफार फरकाने आपल्या आवारातही घडत असणार, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे उघड पत्र.

मुलींच्या कुठल्याही वसतिगृहात शिरताना दारात एक टेबल असतं. त्यावर कापडी पाठीचं लांबट रजिस्टर आणि सुतळीने बांधलेलं पेन. रकाने ठरलेले: नाव, खोली क्रमांक, कुठे जाणार, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, सही, शेरा. मी अशी कितीतरी रजिस्टरं भरून कपाटात रचली. मुली किती वाजता गेल्या, किती वाजता आल्या, कोण किती मिनिटं उशिरा आली, हे सगळं त्यांत आहे. वाटेत त्यांना काय सोसावं लागलं, हे त्यातल्या एकाही पानावर नव्हतं. या एका गोष्टीबद्दलच मला आपल्याशी बोलायचं आहे.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गेट रात्री साडेनऊला बंद व्हायचं आणि ग्रंथालयाची अभ्यासिका दहापर्यंत चालायची. अभ्यासिकेतून वसतिगृहाकडे यायला दोन वाटा. मुख्य रस्त्याने वीस मिनिटं लागायची, पाण्याच्या टाकीमागच्या वाटेने जेमतेम नऊ. शेवटच्या क्षणापर्यंत पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुली साहजिकच टाकीमागून पळत यायच्या. तिथे गुलमोहराच्या फांद्यांनी दिवे झाकले होते आणि सहा-सात खांबांचे दिवे तर लागतच नव्हते.

एका रात्री एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी दहाला दहा कमी असताना आली. सही करताना तिचा हात इतका थरथरत होता की पेनाच्या टोकाने कागद फाटला. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती चपल तिने हातात धरली होती. मी विचारलं, "उशीर का झाला?" ती म्हणाली, "लायब्ररीत होते, मॅडम." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वीस मिनिटं विलंब. तोंडी समज दिली.' तुटलेली चपल मला दिसली होती. तिच्याबद्दल मी एक शब्द विचारला नाही.

तीन आठवड्यांनी दुसरी एक मुलगी कोपर आणि गुडघे फुटलेल्या अवस्थेत आली. टाकीमागच्या वळणावर नंबरप्लेट नसलेल्या मोटरसायकलवरच्या माणसाने तिची ओढणी खेचली होती आणि ती फरफटत गेली होती. त्या रात्री खोल्याखोल्यांतून कुजबूज सुरू झाली आणि एकेक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन बोलू लागली. तोच माणूस, तीच मोटरसायकल, तेच वळण. तिच्याआधी चौघींचा पाठलाग झाला होता. मी रजिस्टर उघडून त्या चौघींच्या तारखा शोधल्या. चारही सापडल्या. चारही पानांवर माझ्याच अक्षरात 'विलंब' लिहिलेलं होतं. चपल तुटलेली मुलगी त्या चौघींतली पहिली. त्या रात्री तिला काय झालं एवढं विचारलं असतं, तर पुढच्या मुलीचे गुडघे फुटले नसते. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. मला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यात नॅकची, म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी, समिती येणार आहे, तेव्हा आत्ता लेखी काही नको. वळणावर माणूस उभा करू. माणूस पाच दिवस उभा राहिला. मुलगी मात्र धीराची निघाली. तिच्यासोबत मी पोलीस ठाण्यात गेले, तिथे आधी हद्द कुणाची यावर पाऊण तास गेला. शेवटी गुन्हा नोंदवला गेला आणि तो माणूस सापडलाही. तो बाहेरचा होता आणि मागच्या फुटक्या कुंपणातून रोज ये-जा करायचा. त्या कुंपणाबद्दल कुणीच कधी कागदावर लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पट्टी घेऊन रजिस्टरच्या प्रत्येक पानावर 'येण्याची वेळ' आणि 'सही' यांच्या मधे हाताने एक रेघ ओढली. नवा रकाना: 'वाटेत काही झालं का?' पुढे जागा चिमूटभरच होती. नाव नको असेल तर खुणेचा आकडा लिहायचा. त्याच आठवड्यापासून उशिराबद्दल रागावणं मी बंद केलं. पहिल्या महिन्यात नऊ नोंदी आल्या. 'टाकी, दोघे बाईकवर, शिट्टी.' 'झेरॉक्सच्या दुकानामागे, एकजण उभा, रोज.' 'टाकी. मागे आला.' नऊपैकी सहा टाकीच्या वळणावरच्या. रात्री साडेनऊला मी स्वतः दोन मुलींना घेऊन बॅटरीच्या उजेडात ती वाट चालले, बंद दिव्यांच्या खांबांचे आकडे लिहून घेतले आणि तो कागद नोंदींसकट स्थापत्य विभागाला दिला. नुसत्या 'असुरक्षित वाटतं' या तक्रारीवर तो विभाग दोन वर्षं हलला नव्हता. खांबांचे आकडे आणि तारखा हातात पडल्यावर फांद्या आठ दिवसांत छाटल्या गेल्या.

त्याहून मोठा फरक मात्र एका चहाच्या गाडीने पडला. मुख्य इमारतीजवळ संध्याकाळपर्यंत चहा विकणारं एक जोडपं होतं. त्यांना त्या वळणावर रात्री साडेदहापर्यंत थांबायला सांगितलं. भजी तळायची कढई, पेटता स्टोव्ह, चार बाकडी, भोवती परीक्षेच्या गप्पा मारणारी पोरं-पोरी. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला नावाने हाक मारायची. पुढचे सात महिने त्या वळणाची एकही नोंद माझ्या रकान्यात पडली नाही. मग कुणीतरी नवीन अधिकारी आले आणि गाडी अतिक्रमण म्हणून हटवली. दुसऱ्या महिन्यापासून नोंदी परत सुरू झाल्या. या सगळ्याला संशोधन म्हणायचा माझा दावा नाही, पण ती पानं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

हे सविस्तर लिहिलं, कारण आवारात काही भयंकर घडलं की आपल्या बैठकांत तीन गोष्टी हमखास मंजूर होतात: भिंत उंच करा, कॅमेरे वाढवा, मुलींची वेळ कमी करा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा, पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाचा ४११ एकरांचा. एवढ्या जागेला भिंत घालून सुरक्षित करता येईल, असं तिथे रात्री चाललेल्या कुणालाही वाटणार नाही. १ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री वाराणसीत आयआयटीच्या आवारात मोटरसायकलवरून आलेल्या तिघांनी एका विद्यार्थिनीवर अत्याचार केला. आरोपी पकडायला जवळपास दोन महिने लागले. दरम्यान चर्चा रंगली ती आयआयटी आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्यामधे भिंत बांधण्याची. त्याच आवारात सप्टेंबर २०१७ मध्ये छेडछाडीविरुद्ध मुली रस्त्यावर बसल्या होत्या. तक्रार घेऊन गेलेल्या मुलीलाच इतक्या उशिरा बाहेर का होतीस असं विचारलं गेलं, हे त्यांचं तेव्हाचं गाऱ्हाणं होतं. ते वाचताना मला माझाच प्रश्न ऐकू आला होता.

आणि भिंतीच्या आत काय? जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या मजल्यावरच्या इतर मुली सुट्टीला गेल्या होत्या आणि संशय ज्याच्यावर होता तो त्याच वसतिगृहाचा रखवालदार. ती बातमी आली त्या रात्री मी आमच्या सगळ्या मजल्यांवर फिरले. सुट्टीत कुठल्या मजल्यावर किती मुली उरल्यात याची यादी माझ्याकडेही नव्हती. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अकराजणींना एका मजल्यावर आणलं. आपण यंदाच्या सुट्टीआधी एवढं एक तरी करा. एका मजल्यावर एकटी मुलगी ठेवू नका.

रखवालदारांबद्दलही दोन शब्द. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, कळकळ आहे. बारा-बारा तासांची ड्यूटी, एजन्सीकडून पगार उशिरा, हातात काठी आणि शिट्टी. आमच्या रात्रपाळीचे काका बॅटरीचे सेल स्वतःच्या खिशातून आणायचे. मेन गेटवर चौघं असत आणि आतल्या सगळ्या वाटांना मिळून एक. २००५ च्या खासगी सुरक्षा यंत्रणांच्या कायद्याप्रमाणे रक्षकाची पूर्वपडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक आहे. टेंडर उघडताना दराच्या आधी ते कागद मागा. ज्याला मुलींच्या वसतिगृहाशी बसवायचं, त्याला पहिल्या दिवशी एवढं शिकवा की घाबरलेली मुलगी आली तर आधी तिला खुर्ची आणि पाणी द्यायचं, प्रश्न नंतर.

मुलींची वेळ कमी करण्याबद्दल. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कृती दलाचा 'सक्षम' हा अहवाल २०१३ मध्ये आला. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून त्यांच्यावर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. माझा अनुभव त्यापुढे जाऊन सांगतो: साडेनऊच्या गेटनेच माझ्या मुलींना टाकीमागच्या अंधारात ढकललं होतं. गेट साडेदहाला बंद झालं असतं तर त्या मुख्य रस्त्याने, घोळक्याने, सावकाश आल्या असत्या. अभ्यासिका बंद होण्याची वेळ आणि वसतिगृहाचं गेट बंद होण्याची वेळ यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा, आणि त्या तासात आवारातली एखादी बस किंवा रिक्षा फिरती ठेवा.

आता कळीचा मुद्दा. मुली बोलत का नाहीत? माझ्या वसतिगृहात जत, आटपाडी, माण, केज अशा तालुक्यांतल्या मुली होत्या. बऱ्याचजणींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. त्यांना त्या बाईकवाल्याची भीती वाटायची, पण त्याहून जास्त भीती माझ्या टेबलावरच्या फोनची वाटायची. "घरी कळवू नका मॅडम, बाबा न्यायला येतील." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. घरी कळलं की शिक्षण बंद आणि पुढच्या सुट्टीत स्थळं बघायला सुरुवात. बोलायची किंमत जिथे पदवी असते, तिथे तक्रारपेटी वर्षभर रिकामीच राहणार. आणि पेटी रिकामी म्हणून आपण अहवालात 'निरंक' लिहितो. कृपा करून प्रत्येक रेक्टरला लेखी आदेश द्या: सज्ञान विद्यार्थिनीने तक्रार केली तर तिच्या संमतीवाचून घरी फोन जाणार नाही.

तिचं नाव जपण्याची जबाबदारीही आपलीच. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने लगेच तक्रार केली, आरोपी पकडला गेला आणि मे २०२५ मध्ये दोषीही ठरला. पुढे जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं सुटका नाही अशी. एवढ्या लवकर निकाल लागला तो तिच्या हिंमतीमुळे. पण मधल्या काळात एफआयआरची प्रत तिच्या ओळखीच्या तपशिलांसह बाहेर फुटली होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याबद्दल तिला २५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. आपल्या कार्यालयांत तक्रारीचा कागद किती टेबलांवरून फिरतो, किती मोबाइलमध्ये त्याचा फोटो जातो, हे आपण एकदा स्वतः पाहा.

अंतर्गत तक्रार समितीची पाटी आपल्याकडे लागलेली असेलच. पण लैंगिक छळ प्रतिबंधाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे जे विनियम मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले, त्यांत कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्ती समितीत नकोत असं म्हटलं आहे आणि विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणात निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत हवेत असंही. ही निवडणूक आपल्याकडे शेवटची कधी झाली? आवाराची व्याख्याही तिथे खूप व्यापक आहे. वसतिगृह, उपाहारगृह, वाहनतळ, अगदी सहलीची जागा आणि विद्यापीठाने पुरवलेली बससुद्धा. टाकीमागची वाट त्यात बसते. 'ते रस्त्यावर घडलं, आमच्याकडे येत नाही' हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे आणि ते चुकीचं होतं.

चोऱ्यांचंही असंच. परीक्षेच्या आठवड्यात मुलांच्या वसतिगृहातून लॅपटॉप, मोबाइल जातात. पोरं 'गहाळ' म्हणून अर्ज देऊन मोकळी होतात, कारण 'चोरी' लिहिलं की चौकशी लांबते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग दहा मोबाइल गेले तरी आवारात चोरी म्हणून नोंद एकही नाही. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात स्वागताची भाषणं थोडी आवरून मुलांना हे सांगा: *#०६# दाबून आपल्या फोनचा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा, चोरी झाली तर चोरीच लिहा, सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फोन ब्लॉक करा, ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२, आणि जिवावर बेतलं तर ११२. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. असं कलम तेव्हा असतं आणि पोलीस ठाण्यात मला ते लेखी दाखवता आलं असतं, तर त्या मुलीचा पाऊण तास वाचला असता.

सगळ्यात अवघड मागणी शेवटी करते. आकडे उघड करा. १९८६ मध्ये अमेरिकेत लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. आपल्या मुलीला पाठवलं त्या आवारात आधी किती गुन्हे घडले होते हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तिचे आईवडील लढले आणि १९९० मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा क्लेरी कायदा झाला. तिथली विद्यापीठं दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करतात, रोजची गुन्हे-नोंदवही कुणालाही पाहू देतात आणि धोका चालू असेल तर सगळ्यांना तातडीने सावध करतात. तिथे सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. पण आई-बापाला विचारायची सोय आहे.

आपल्याला भीती बदनामीची वाटते, हे मी समजू शकते. ज्या विद्यापीठाने पहिल्यांदा '४२ तक्रारी' असं छापलं, त्याच्या नावाने वर्तमानपत्रात मथळे येतील आणि शेजारचं 'निरंक' विद्यापीठ शहाणं ठरेल. म्हणूनच हे पत्र एकट्या कुलगुरूंना न लिहिता सगळ्यांना मिळून लिहिलं आहे. सगळ्यांनी एकाच वर्षी, एकाच नमुन्यात, नावं वगळून छापलं तर कुणा एकाला डाग लागणार नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या याचा वार्षिक अहवाल आयोगाला द्यायचाच असतो. तोच अधिसभेसमोर ठेवा, त्याला चोऱ्या, मारामाऱ्या, पाठलाग, रॅगिंग जोडा आणि संकेतस्थळावर टाका. मुलीला पाठवायचं की नाही ठरवणाऱ्या आटपाडीच्या बापाला ४२ हा आकडा बघून धक्का बसेल, पण त्यातल्या ३९ तक्रारींवर काय केलं हेही तो वाचेल.

त्या एम.एस्सी.च्या मुलीला मी नंतर गाठलं. निकाल लागून ती निघाली होती, खोलीत गादी गुंडाळत होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी वाट बघत उभी होते."

रजिस्टरांच्या छपाईची मागणी साधारण एप्रिलमध्ये निघते. मसुदा आपल्यापैकी कुणाच्या तरी सहीने जातो. 'येण्याची वेळ' आणि 'सही' यांच्या मधे एक रकाना घाला, दोन बोटं रुंद तरी असू द्या, माझा फार अरुंद झाला होता. मुलांच्या वसतिगृहाच्या रजिस्टरातही घाला. त्यांच्याकडेही लिहिण्यासारखं असतं.

आपली,
मुलींच्या वसतिगृहाची एक माजी रेक्टर